अठरा जणांची लघवी

मंडळी, आजचा विषय लघवीचा आहे. हातातला चहा संपवा आणि मगच पुढे वाचा.

युरोपात माळरानावर ब्रूम नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप मोकाट वाढतं. त्यातलं स्पार्टीन हे अल्कलॉइड जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५१ साली वेगळं काढलं. पुढे ते हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायला वापरू लागले. १९७० च्या दशकात जर्मनीत बॉन इथे मिशेल आयशेलबाउम आणि त्याचे सहकारी याच औषधाचा अभ्यास करत होते. डोस घेतल्यावर दोघांना त्रास व्हायला लागला. चक्कर येतेय, एकाचे दोन दिसतायत. रक्त तपासलं तर त्यात औषध इतरांपेक्षा कितीतरी जास्त. डोस मात्र तोच!

आपल्यासारख्या कोणी ते दोन आकडे आउटलायर म्हणून उडवले असते आणि सरासरी काढून घरी गेला असता. आयशेलबाउम त्या दोघांच्याच मागे लागला.

१९७९ साली छापलेल्या त्याच्या अभ्यासात ३६० जण आहेत. स्पार्टीन पोटात गेलं की यकृत त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि तयार झालेला पदार्थ लघवीतून बाहेर पडतो. पण १८ जणांच्या लघवीत जवळजवळ सगळं स्पार्टीन जसंच्या तसं आलं. यकृताने त्याला हातच लावला नव्हता. घरच्यांचीही तपासणी झाली, तेव्हा कळलं की आई आणि बाबा दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच असं होतं.

तिकडे लंडनमध्ये १९७५ साली रॉबर्ट स्मिथने रक्तदाबाचं डेब्रिसोक्विन (हे मात्र कारखान्यातलं, झाडातलं नव्हे) स्वतःवरच करून पाहिलं. सहकारी ठणठणीत, आणि याचा रक्तदाब इतका घसरला की उभं राहता येईना. पुढे लक्षात आलं की दोन्हीकडे बिघाड एकाच एन्झाइमचा आहे. आज त्याला सीवायपी२डी६ म्हणतात. त्याचं जनुक १९८८ साली हाती लागलं.

आता मुद्द्याचं. अफूतलं कोडीन स्वतः फारसं वेदनाशामक नाही. हेच एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं, आणि दुखणं थांबतं ते मुख्यतः त्या मॉर्फीनमुळे. म्हणजे आयशेलबाउमच्या त्या १८ जणांना कोडीन दिलं असतं तर फारसा उपयोग झाला नसता. (रुग्ण उगाच कण्हतोय असंही कोणाला वाटलं असतं.) उलट काहींकडे या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्यात मॉर्फीन भराभर तयार होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर नेहमीच्याच डोसने लहान मुलं दगावली, तेव्हा २०१३ साली अमेरिकेच्या एफडीएने अशा मुलांना कोडीन देऊ नका असं बजावलं. २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या सगळ्याच मुलांसाठी ते निषिद्ध ठरलं, आणि आईचं मॉर्फीन दुधात उतरतं म्हणून अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही ते घेऊ नये असं सांगितलं.

हे जनुक तपासायची चाचणी आज मिळते. औषध लिहून देताना ती सहसा कोणी करत नाही.