खांबाशी कुस्ती

सिरोंचा-आलापल्लीच्या जंगलातला साग इमारती लाकूड म्हणून नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली याच भागातून लाकूड गेले, तेव्हा त्याचे कौतुकही झाले. सागाचा आणखी एक उपयोग मात्र इमारतीच्या हिशेबात येत नाही. गाठ नसलेला, तासून गुळगुळीत केलेला, खाली जाड आणि वर निमुळता, टोकाला बोंड असलेला आणि एरंडेल चोळलेला सागाचा किंवा शिसवाचा खांब, म्हणजे मल्लखांब. कुंग फूमध्ये ठरलेल्या हालचालींची मालिका एकट्याने घोटून घोटून तंत्र सफाईदार करतात. मराठी मल्लविद्येत ते काम या खांबाने केले. आज त्याच्याकडे डोळे दिपवणारी कसरत म्हणून पाहिले जाते. त्याचे कूळ मात्र तालमीतले आहे आणि त्याचा जन्म जोडीदाराविना डाव घोटण्याच्या गरजेतून झाला, असे मला वाटते.

लोकांत रुळलेली कथा वेगळी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान आव्हान घेऊन आले. पुण्यातले कोणी पुढे होईना, तेव्हा तरुण बाळंभटदादा देवधरांनी तयारीसाठी मुदत मागितली. वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली असता हनुमानाने त्यांना ही विद्या दिली आणि त्यांनी ते आव्हान परतवले. पण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या सुमारे ११३१च्या ग्रंथात मल्लांच्या मेहनतीत ‘स्तंभश्रम’ आहेच, म्हणजे बाळंभटदादांच्या जवळजवळ सातशे वर्षे आधी. तो स्तंभश्रम आणि आजचा मल्लखांब एकच कशावरून, असे कोणी विचारील. एकच आहेत असे मीही म्हणणार नाही. ग्रंथातून कळते ते इतकेच की मल्लाने खांबाशी झटायचे, ही चाल जुनी होती. अढी, तेढी, दसरंग, फरारे अशी एकेका पकडीची शिस्तवार मांडणी आज हाती आहे, ती बाळंभटदादांच्या परंपरेतली. गरज जुनी, व्याकरण नवे; आणि दृष्टान्ताची कथा त्या व्याकरणाच्या जन्माची आहे, असे मानले की दोन्ही पुरावे एकत्र नांदतात.

खरा आक्षेप पुढचा आहे. खांब उलट डाव टाकत नाही. मग त्यावर घोटलेली पकड आखाड्यात काय कामाची? कुंग फूच्या ठरीव मालिकांवरही हाच ठपका येतो, आणि हवेत मारलेल्या ठोशाबाबत तो बऱ्याच अंशी खरा आहे. हवा चुकलेल्या ठोशाला अडवत नाही. खांब अडवतो. साधी अढी घ्या. हातांनी खांब धरून पाय वर फेकायचे, डोके खाली, आणि मांड्यांनी खांब आवळायचा. मांडी बोटभर सैल पडली की तेलकट लाकडावरून अंग सरळ खाली घसरते. चुकीची शिक्षा तिथल्या तिथे. शिवाय खांब वर निमुळता होत जातो, त्यामुळे बुंध्याशी बसलेली पकड मानेशी जशीच्या तशी चालत नाही, दर वेळी आवळ बदलावी लागते. जोडीदार दमतो, वस्तादाच्या मुलाशी लढताना हात राखतो, आणि एकच हालचाल शंभरदा करू म्हटले तर वैतागतो. खांबाला यातले काही नाही. विंग चुन शैलीत लाकडी हात-पाय बसवलेला ओंडका वापरतात, तोही बहुधा याच कारणाने. समोरच्याचा अंदाज घेणे आणि वेळ साधणे या गोष्टी खांब शिकवत नाही, हे कबूल. त्या शिकायला तालमीतली लाल माती शेजारीच होती. दोष आला तो शेजार सुटल्यावर.

तो सुटला हळूहळू. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९८१मध्ये उज्जैनला मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. गुण आले, तसा प्रतिस्पर्धी विस्मरणात गेला. तरी टांगता मल्लखांब पाहावा: साखळीला लटकलेला आखूड खांब, हात लागताच गिरकी घेणारा, झोके खाणारा. इथे पकड घेताना खांब पुढच्या क्षणी कुठे वळेल याचा अंदाज बांधावा लागतो. पुरलेल्या खांबाने जे शिकवायचे टाळले, त्यातले थोडे इथे परत मिळते.