भूगोल वर्गापर्यंत पोचतो कसा?

शाळेत एखादा विषय कसा शिकवला जावा, हे कोण ठरवते? सरकार अभ्यासक्रम आखते, विद्यापीठांत नवे ज्ञान तयार होते, परीक्षा मंडळ प्रश्नपत्रिका काढते. पण ही सगळी मंडळी आणि वर्गात खडू घेऊन उभा असलेला शिक्षक यांच्यामध्ये आणखी एक माणूस असतो. इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत त्याला विषयाचा विभागप्रमुख म्हणतात. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते. तिथला शालेय भूगोल मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलला, आणि प्रत्येक बदल वर्गात रुजला की कागदावर राहिला, हे बरेचसे या माणसावर अवलंबून होते. ही गोष्ट आपण थोडी मागे जाऊन पाहू या.

१८८५ साली जॉन स्कॉट केल्टी यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी भूगोल-शिक्षणावर एक अहवाल लिहिला. जर्मनीसारख्या देशांतल्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या तुलनेत इंग्लंडमधले चित्र निराशाजनक होते. भूगोल म्हणजे भूशिरे, उपसागर, नद्या आणि राजधान्या यांच्या याद्या पाठ करणे. शिकवणारा मास्तर बहुधा दुसऱ्याच विषयाचा. याचे कारणही उघड होते. विद्यापीठांत भूगोलाला जागा नव्हती, मग भूगोल शिकलेले शिक्षक येणार कुठून? १८८७ मध्ये ऑक्सफर्डला हॅलफर्ड मॅकिंडर यांची भूगोलासाठी नेमणूक झाली आणि हे दुष्टचक्र तुटू लागले.

पुढचे पाऊल शिक्षकांनी टाकले. रग्बी शाळेतले शिक्षक बी. बी. डिकिन्सन यांना मॅजिक लँटर्नवर दाखवायच्या काचेच्या स्लाइड हव्या होत्या. एकट्या शाळेला त्या परवडत नसत. तेव्हा शाळाशाळांनी मिळून स्लाइडची देवाणघेवाण करावी, असे त्यांनी सुचवले. त्यातून १८९३ साली ऑक्सफर्डमध्ये मूठभर शिक्षक आणि मॅकिंडर एकत्र आले आणि ‘जिऑग्राफिकल असोसिएशन’ ही शिक्षकांची संघटना उभी राहिली. ती आजही काम करते. १९०४ च्या सरकारी नियमांनी माध्यमिक शाळांत भूगोल आवश्यक केला. हळूहळू भूगोलाचा स्वतंत्र शिक्षक, नकाशांचे कपाट आणि भूगोलाची खोली या गोष्टी दिसू लागल्या.

विभागप्रमुखाच्या पदाला खरे वजन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९६५ पासून सरकारने सर्व प्रकारच्या मुलांना एकत्र सामावून घेणाऱ्या मोठ्या शाळांचे धोरण पुढे नेले. अशा शाळेत भूगोलाचे तीन-चार शिक्षक असत. त्यांच्यात मेळ घालणारा कुणी तरी हवाच. आणि त्याच्या हाती तेव्हा बरेच काही होते. देशभराचा एक अभ्यासक्रम नव्हता. सरकारी पाठ्यपुस्तकही नव्हते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना कोणते प्रदेश, कोणत्या क्रमाने शिकवायचे, पुस्तके कोणती घ्यायची, पुढे कोणत्या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम निवडायचा, मुलांना क्षेत्रभेटीला कुठे न्यायचे, हे सारे विभागात ठरे.

१९६५ साली सुरू झालेल्या सी.एस.ई. परीक्षेने तर आणखी एक दार उघडले. तिचे तीन प्रकार होते. पहिल्यात अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही मंडळाची. दुसऱ्यात अभ्यासक्रम शाळेचा, परीक्षा मंडळाची. तिसऱ्यात दोन्ही शाळेचे. मंडळ फक्त दर्जाची पडताळणी करी. म्हणजे एखाद्या विभागाने ठरवले, तर आपल्या गावाजवळची नदी किंवा बंदर हाच त्याच्या परीक्षेचा विषय होऊ शकत असे.

याच काळात विद्यापीठांतला भूगोल बदलत होता. प्रदेशांची वर्णने मागे पडून गणित, सांख्यिकी आणि प्रतिमाने पुढे येत होती. १९६३ मध्ये केंब्रिजजवळच्या मॅडिंग्ले हॉलमध्ये रिचर्ड चोर्ली आणि पीटर हॅगेट यांनी शिक्षकांसाठी व्याख्याने ठेवली. त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. पण व्याख्यान ऐकणे वेगळे आणि तेरा वर्षांच्या मुलापुढे ते मांडणे वेगळे. हे मधले काम शाळांमधल्या लोकांनी केले. जॉन एव्हरसन आणि ब्रायन फिट्झजेरल्ड यांनी १९६९ मध्ये वस्त्यांच्या रचनेवर शाळेसाठी पुस्तक लिहिले. रेक्स वॉलफर्ड यांनी त्याच वर्षी भूगोलातल्या खेळांचे पुस्तक आणले. कारखाना कुठे काढायचा किंवा रेल्वेमार्ग कुठून न्यायचा, याचा निर्णय मुले खेळात घेऊ लागली. ज्या विभागप्रमुखाने हे वाचले आणि सहकाऱ्यांना बरोबर घेतले, त्याच्या शाळेत नवा भूगोल आला. शेजारच्या शाळेत तो आला नाही, असेही घडले.

यातला एक धडा विशेष पाहण्याजोगा आहे. शाळा सोडण्याचे किमान वय १९७२ मध्ये १५ वरून १६ झाले. परीक्षेत फारसा रस नसलेली हजारो मुले आणखी एक वर्ष वर्गात बसणार होती. त्यांना काय शिकवायचे? १९७० मध्येच दोन मोठे प्रकल्प सुरू झाले होते. लंडनच्या एव्हरी हिल महाविद्यालयातला प्रकल्प खास या मुलांसाठी होता. त्याने फुरसत, शहरे आणि काम या तीन विषयांवरचे तयार साहित्याचे संच शाळांना दिले. दुसरा, ब्रिस्टलचा प्रकल्प १४ ते १८ वयोगटासाठी होता. त्याने संच दिले नाहीत. शिक्षकांनी एकत्र बसून आपले घटक स्वतः रचावेत, अशी त्याची अपेक्षा होती. पहिला देशभर झपाट्याने पसरला. दुसरा त्या मानाने थोड्या शाळांत रुजला. कारण सोपे आहे. तयार संच कपाटात ठेवता येतो. घटक रचायला मात्र विभागाला वेळ, बैठका आणि पुढाकार घेणारा प्रमुख लागतो. पण या सोपेपणाला किंमतही असते. संच जुने होतात, आणि घटक रचण्याची सवय नसलेला विभाग पुढच्या संचाची वाट पाहत बसतो.

१९८८ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. भूगोलाचा मसुदा १९९१ मध्ये लागू झाला. त्यात मुलांनी काय साध्य करावे याची १८३ विधाने होती! विभागप्रमुखाचा वेळ आता कोणत्या मुलाने कोणते विधान गाठले, याच्या खुणा करण्यात जाऊ लागला. काय शिकवायचे हा प्रश्न त्याच्या हातून सुटला होता. शिक्षकांच्या तक्रारी वाढल्यावर १९९५ मध्ये हा भार बराच हलका करण्यात आला. शिवाय चौदाव्या वर्षानंतर भूगोल ऐच्छिक झाला होता. त्यामुळे मुलांनी आपला विषय निवडावा म्हणून प्रयत्न करणे, हेही प्रमुखाच्या कामांत येऊन बसले.

२०१६ पासून शिकवल्या जाऊ लागलेल्या नव्या अभ्यासक्रमांत सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी निदान दोन वेळा आणि अठराव्या वर्षीच्या परीक्षेसाठी निदान चार दिवस क्षेत्रभेट सक्तीची आहे. हा नियम वर तयार झाला. पण नदीचे कोणते पात्र निवडायचे, मुलांनी तिथे काय मोजायचे आणि पाऊस आला तर काय करायचे, हे आजही विभागातच ठरते.

आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत भूगोलाचा विभाग नसतो. एकच शिक्षक किंवा शिक्षिका असते, आणि तिच्याकडे बहुधा इतिहासही असतो. पाठ्यपुस्तक ठरलेले असते. मग या इतिहासाचा आपल्याला काय उपयोग? आम्हाला वाटते, पद नसले तरी काम शिल्लक राहते. धड्यांचा क्रम आपल्या गावच्या हंगामाशी जुळतो का, नकाशे कपाटातून बाहेर निघतात का, ओढ्यापर्यंत मुलांना कोण नेणार, हे प्रश्न कुणी तरी विचारावेच लागतात. एका शाळेत चार शिक्षक नसतील, तर चार शाळांतले चार शिक्षक महिन्यातून एकदा बसू शकतात. डिकिन्सन यांच्या शाळेतही स्लाइड पुरेशा नव्हत्या.