धरणारा तो ग्रह

कुंकवाचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केममध्ये लग्नसराईत 'ग्रह' हा शब्द सारखा कानावर येतो. कुणाचे ग्रह वक्री, कुणाला कडक मंगळ! संस्कृतात 'ग्रह्' म्हणजे पकडणे. ग्रह म्हणजे धरणारा. माणसाला झपाटणाऱ्या शक्तीलाही हेच नाव होतं. ग्रीकांना मात्र हे गोल भटके वाटले. 'प्लॅनेट'चा मूळ अर्थ तोच. आपल्या नवग्रहांत तर सूर्य, चंद्र आणि ज्यांना शरीरच नाही ते राहू-केतूही बसतात. आग्रह, संग्रह, पूर्वग्रह ही सगळी भावकीच. बोलीत ग्रहणाचं गिऱ्हाण झालं नि ग्राहकाचं गिऱ्हाईक. कुंकू घ्यायला आलेला माणूस आणि पत्रिकेत ठाण मांडलेला शनी एकाच कुळातले, हे मला फार आवडतं.

पत्रिकेबाहेरच्या ग्रहांकडे वळलो तर, 1995 साली मेयर आणि क्वेलो या खगोलशास्त्रज्ञांना सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. आज असे सहा हजारांहून अधिक नोंदले गेलेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत; त्यांनीही अशा ग्रहांचे रेडिओ संकेत शोधून पाहिले. 2019 मध्ये भारताने एका जोडीचं बारसं केलं: तारा बिभा, ग्रह संतमस. जीवसृष्टी मात्र अजून कुठेच सापडलेली नाही.

तरी 'परग्रहावरून आलास का?' हा टोमणा गावोगाव रुळलाय. लिहिताना एवढं पाळावं: दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतो तो बाह्यग्रह, तिथून कुणी आलाच तर परग्रहवासी, आणि आपण मनात करून घेतो तो नुसता ग्रह.