गोडे, खारे, मचूळ : जिते परिसराच्या पाण्याचा इतिहास

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी रसायनी आणि आपटा ही स्थानके मागे टाकून पाताळगंगा ओलांडते आणि जिते येथे थांबते. उतरणारे प्रवासी थोडेच असतात. एका बाजूस डोंगरउतार, दुसऱ्या बाजूस धरमतरच्या खाडीपर्यंत पसरत गेलेली खारजमीन, उत्तरेस पाताळगंगा, दक्षिणेस बाळगंगा. पेण तालुक्यातील या गावाचे स्थान असे की, पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्यास याहून सोयीची जागा क्वचितच मिळावी. तरीही आम्ही, मराठीचे अध्यापक, वर्षानुवर्षे याच मार्गाने जा-ये करीत असता या बाजूस कधी विचारपूर्वक पाहिले नव्हते, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

निमित्त साधेच झाले. एका मे महिन्यात विद्यार्थ्यांसह बोलीभाषेतील शब्द गोळा करीत या पट्ट्यात हिंडत असताना एका आजींनी आपल्या विहिरीविषयी सांगितले की, तिचे पाणी होळीपर्यंत गोडे असते, मग मचूळ होते. आम्ही 'मचूळ' हा शब्द टिपून घेतला आणि पुढे निघालो. त्या वाक्यात शब्दाखेरीज आणखीही काही होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. पाण्याची पातळी, चव आणि वर्षातील नेमका काळ या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारे ते एक निरीक्षण होते. शासनदरबारी ही निरीक्षणे तीन निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेली असतात. ही ताटातूट कशी झाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढे असूनही उन्हाळ्यात टंचाई का, हा प्रश्न नवख्या माणसास पडतो. त्याचे उत्तर खडकात आहे. येथील बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पाणी धरतो तो केवळ वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. उतार तीव्र, नद्या आखूड. पावसाचे पाणी पाहता पाहता खाडीस मिळते. डोंगराच्या पायथ्याशी जे काही मुरते त्यावर तेथील विहिरी तगतात. खाली खारेपाटात मात्र जमिनीखालचे पाणीच खारे. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने पावसाळ्यानंतर ते वर तरंगत राहते. उपसा वाढला, उन्हाळा चढला, की खालचे खारे पाणी वर सरकते. आजींच्या विहिरीचे होळीनंतर जे होते ते बहुधा हेच. म्हणून खारेपाटातील गावांनी पिण्यासाठी भिस्त ठेवली ती पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या तलावांवर. घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळण्याची इकडची रीतही याच व्यवस्थेचे अपत्य. गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जगणारा हा मासा या भूमीस शोभणाराच आहे.

आता बांधांकडे वळू. खाजणात समुद्राचे पाणी अडवून भातशेती करण्याची विद्या येथे जुनी आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये 'शिलोत्री' जमिनींची माहिती येते. शिलोत्रदाराने बांध घालावा, तो राखावा आणि त्याच्या डागडुजीसाठी शेतकऱ्याकडून भाताच्या रूपाने वाटा घ्यावा, अशी ती पद्धत. बांधाला उघाडी ठेवलेली असे. ओहोटीच्या वेळी ती पावसाचे पाणी बाहेर सोडी आणि भरतीच्या वेळी खारे पाणी आत येऊ देत नसे. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे तिथीवरून कळे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बांधावर नजर ठेवायची, अष्टमीच्या आसपास डागडुजी उरकायची. खांड गेली, तर गावाने धावून जायचे. पूर, क्षार आणि पेरणी यांचा विचार येथे एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी चालत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. खोत आणि सावकार यांच्या पकडीत कुळांचे काय हाल होते, हे शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरीच्या संपाने जगासमोर आणले. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी जमिनी ओसाड ठेवल्या, पण खोतांपुढे मान तुकवली नाही. तेव्हा बांधाचे ज्ञान सामूहिक असले तरी बांधाआडच्या धान्यावरील हक्क सामूहिक नव्हता, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी शासनाकडे येत गेली. १९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कार्यरत झाली. हे सारे आवश्यक होते, यात शंका नाही. भूजल यंत्रणेने निरीक्षण विहिरी ठरवून वर्षातून ठरावीक वेळा पातळी मोजण्याचा जो परिपाठ घातला, त्यामुळेच महाराष्ट्राच्या भूजलाविषयी काही निश्चित बोलणे शक्य झाले. परंतु बांध एका खात्याकडे, विहीर दुसऱ्याकडे, नदीची शुद्धता तिसऱ्याकडे, अशी वाटणीही याच काळात पक्की झाली. उधाणाने बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर ती खारभूमीची बाब; त्यामुळे शेजारची विहीर मचूळ झाली, तर ती दुसऱ्या दप्तराची. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती एकाच रात्रीची एकच घटना असते. एकदा क्षार बसलेली जमीन पुन्हा पिकाखाली येण्यास वर्षे लागतात. दरम्यान तेथे तिवरे वाढली, तर तिवरतोडीस मज्जाव असल्याने ती जमीन शेती म्हणून परतण्याची आशा मावळते. तिवरे किनारा राखतात, हेही खरेच. दोन्ही सत्ये एकाच शेतावर भेटतात, एवढाच काय तो पेच.

नद्यांची कथा याहून विलक्षण आहे. पाताळगंगा आणि रोह्याची कुंडलिका या नद्या उन्हाळ्यातही वाहतात, पण ते पाणी सर्वस्वी त्यांचे नव्हे. टाटांच्या जलविद्युत योजनांनी घाटमाथ्यावरील, भीमेच्या खोऱ्यातील पाणी अडवून कोकणात सोडले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि त्याचे पाणी पाताळगंगेस मिळाले. भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले आणि मुळशीचे पाणी कुंडलिकेत आले. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी १९२१ ते १९२४ या काळात लढले, त्याच धरणाचे पाणी आज रोह्यावरून वाहत समुद्रास मिळते. एका खोऱ्यातील विस्थापन दुसऱ्या खोऱ्याची समृद्धी ठरली. या बारमाही पाण्यामुळेच पाताळगंगेकाठी रसायनीला आणि कुंडलिकेकाठी धाटावला रासायनिक कारखानदारी उभी राहिली. पाठोपाठ सांडपाण्याचा प्रश्नही आला. म्हणजे या नद्यांच्या शुद्धतेचा इतिहास लिहावयाचा, तर आरंभ कारखान्यापासून करून भागत नाही. घाटमाथ्यावर बुडालेल्या गावांपर्यंत मागे जावे लागते.

आणि पूर? जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्यात आणि खाली नागोठण्यात जो हाहाकार माजवला, तो या जिल्ह्याच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये तळियेवर तोच प्रसंग ओढवला. सह्याद्रीवर अतिवृष्टी आणि त्याच वेळी खाडीला उधाण, असा योग आला म्हणजे खालच्या गावांचे पाणी निघण्यास वाट राहत नाही. उघाड्या मिटलेल्या, पाणी आतच तुंबलेले. अशा वेळी केवळ पावसाचा आकडा पाहून पुराचा अंदाज बांधणारा फसतो. पंचांग आणि पर्जन्यमापक दोन्ही जवळ हवेत.

या सर्व धाग्यांची गाठ पेणमध्येच एका प्रसंगी बसली. हेटवणे धरणाचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईस जाऊ लागले होते. पेणच्या लाभक्षेत्रातील गावे मात्र कालव्यांची वाट पाहत होती, आणि वाशी-शिर्की खारेपाटात उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरपुढे उभ्या राहत होत्या. अशात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील जमिनी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मागण्यात आल्या. तेव्हा शेतकऱ्यांनी पुढे केलेला एक मुद्दा पाण्याचा होता: आमची जमीन हेटवण्याच्या लाभक्षेत्रात आहे, ती ओलिताची आहे, ती घेता येणार नाही. सप्टेंबर २००८ मध्ये या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने जनमत चाचणी घेतली. पुढे तो प्रकल्प बारगळला. शेतात न पोहोचलेले पाणी कागदावरच्या नोंदीमुळे जमीन राखण्यास उपयोगी पडले, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आम्हास वाटतो. नोंद ही निरुपद्रवी वस्तू नाही. ती ज्याच्या हाती, त्याची बाजू बळकट.

म्हणूनच आजींचे ते वाक्य आम्हास पुन्हा आठवते. त्यांच्या निरीक्षणाची कोठेच नोंद नाही. त्या गेल्या की ते जाईल. आम्ही भाषेचे अध्यापक, खडकाचे वा नदीचे जाणकार नव्हे. पण मचूळ, उधाण, भांग, खांड, उघाडी हे शब्द कोशात टाकून मोकळे होणे म्हणजे आपले अर्धेच काम करणे होय. त्यानंतर आमच्या विद्यार्थ्यांनी एक साधी वही सुरू केली. तिथी, विहिरीची पातळी, पाण्याची चव, बांधाची स्थिती, एवढेच रकाने. शासकीय मोजणीची जागा ती घेणार नाही. परंतु उद्या कोणी या पट्ट्यातील पाण्याविषयी काही ठरवावयास बसला, तर निदान एका पानावर विहीर, बांध आणि नदी त्याला एकत्र भेटतील. पहिल्या पानावर आम्ही लिहिले ते आजींचेच वाक्य : होळीपर्यंत गोडे, मग मचूळ.