रायटिंग ऑन द वॉल

अटळ होऊन बसलेल्या ऱ्हासाची, पराभवाची उघड पूर्वखूण, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. शब्दशः ‘भिंतीवरची अक्षरे’. मंत्र्याची गच्छंती, डबघाईला आलेली कंपनी, निवडणुकीतली पीछेहाट अशा बातम्यांत तो हमखास भेटतो. भल्या गोष्टीसाठी सहसा वापरत नाहीत.

उगम बायबलच्या जुन्या करारात, दानिएलाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. बाबिलोनचा राजा बेलशस्सर हजार सरदारांना मेजवानी देतो आणि जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या सोन्याच्या पात्रांतून मद्य पितो, पाजतो. तेवढ्यात एका हाताची बोटे प्रकटतात आणि भिंतीच्या गिलाव्यावर लिहू लागतात : मने, मने, तकेल, ऊफारसीन. दरबारचे ज्ञानी हात टेकतात. बंदिवान म्हणून आणलेला यहुदी दानिएल उलगडा करतो : तुझ्या राज्याचे दिवस भरले, तुला तोलले तर तू उणा ठरलास, राज्याची वाटणी मेदी-पारशांत होणार. इतके ऐकूनही राजा कबूल केलेला जांभळा पोशाख आणि सोन्याची साखळी त्याला देतो, हे विशेष. त्याच रात्री राजा मारला जातो. अभ्यासकांच्या मते हे शब्द मुळात वजनांची नावे असावीत : मिना, शेकेल आणि अर्धे माप.

इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन इराणच्या सायरसने घेतले, हा इतिहास आहे. मात्र कीलाकार लेखांतला बेलशस्सर हा नबोनिडस राजाचा मुलगा. बापाच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा, स्वतः राजा नव्हे.

रेम्ब्रांटने 1630 च्या दशकात हा प्रसंग रंगवला. चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दचकलेल्या स्त्रीच्या पेल्यातून मद्य सांडते आहे आणि हिब्रू अक्षरे आडवी नव्हे, वरून खाली लिहिली आहेत. ज्ञान्यांना ती का लागली नाहीत, याचे हे उत्तर अॅमस्टरडॅमचे यहुदी पंडित मनास्से बेन इस्राएल यांच्याकडचे मानतात. त्यातले शेवटचे अक्षर चित्रकाराकडून चुकले आहे.

मूळ कथेत अक्षरे दिसतात सर्वांना, कळतात एकालाच. आजच्या वापरात ती कोणालाही कळावीत, फक्त संबंधिताने डोळेझाक केलेली असते. बहुतेकदा वाक्प्रचार निकाल लागल्यावरच आठवतो, त्यामुळे भाकितापेक्षा ठपका ठेवायलाच तो अधिक कामी येतो. मराठी अग्रलेखांतही ‘भिंतीवरची अक्षरे’ रुळली आहेत. ‘काळाची पावले ओळखणे’ त्याला जवळचे आहे. सटवीचा लेख मात्र वेगळा : तो कपाळी असतो, वाचताही येत नाही आणि टळतही नाही.