चॅपमन जिवंत राहिला तर

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा धाकट्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. बेसबॉल खेळत होते. हसू नका, वय त्र्याहत्तर असलं तरी हा खेळ खुर्चीत बसून खेळायचा आहे.

लेकीकडे क्लीव्हलंडला गेले होते तेव्हाची गोष्ट. नातू सोळा वर्षांचा. तासन् तास कॉम्प्युटरसमोर. मला वाटलं, असेल काहीतरी ढिशांव-ढिशांव. जवळ जाऊन बघते तर पडद्यावर नुसते तक्ते! नावं, वर्षं, दशांश अपूर्णांक. आमच्या शाळेत वार्षिक निकालाच्या दिवशी असायचे तसे. म्हटलं, "अरे, हा कसला खेळ?" तर म्हणाला, "आजी, ही १९०८ ची लीग आहे. मी मॅनेजर आहे." १९०८ म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलेच. आयुष्यभर इतिहास शिकवला, सन दिसला की पाय अडखळतो.

या प्रकाराला स्वतःचाही इतिहास आहे. १९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झनं 'एपीबीए' नावाचा पत्त्यांचा खेळ काढला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला हॅल रिचमनचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड, त्यावर त्याच्या त्या वर्षीच्या कामगिरीप्रमाणे बेतलेले निकाल, आणि फासे. रिचमनच्या खेळात एक फासा आधी ठरवतो की निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा की पिचरच्या. पुढे हेच कॉम्प्युटरवर आलं. नातू खेळतो तो 'आउट ऑफ द पार्क' मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसानं १९९९ मध्ये काढला. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ, आणि त्याचा बारकाईचा नकाशा काढला जर्मन माणसानं. मला गंमत वाटली.

तर मुद्दा असा. खेळाडूंचे आकडे भरले की इतिहास आपोआप येत नाही. काळाचे आकडे वेगळे भरावे लागतात. १९०८ मध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी ३.३८ धावा करायचा. १९३० मध्ये ५.५५. १९६८ मध्ये पुन्हा ३.४२. माणसं तितकीच, मैदानं साधारण तीच. बदलला तो चेंडू, नियम, पंचांची सवय, पिचरची माती. १९६८ च्या दुष्काळानंतर पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. धावा लगेच वाढल्या. १९४३ ची गोष्ट तर आपल्या बाजूची. जपाननं मलाया घेतल्यामुळे रबराचा तुटवडा पडला, चेंडूत दुसरंच काही भरलं आणि तो मोसमाच्या सुरुवातीला असा मेल्यासारखा निघाला की काही आठवड्यांतच बदलावा लागला. पूर्वेकडच्या रबराच्या मळ्यांचा आणि अमेरिकेतल्या होमरनचा असा संबंध मी कधी वर्गात सांगितला नव्हता. माहीत असता तर नक्की सांगितला असता.

म्हणून गेममध्ये एक पान असतं. त्या वर्षी लीगमध्ये एकूण हिट किती, होमरन किती, बंट किती, चोरलेल्या बेस किती, पिचरनं सुरू केलेला सामना स्वतःच संपवायचं प्रमाण किती. १९०४ मध्ये जॅक चेस्ब्रो नावाच्या पिचरनं एका मोसमात ४८ सामने शेवटपर्यंत टाकले. २०२३ मध्ये तीस संघांच्या सगळ्या पिचरांनी मिळून चाळीसही टाकले नाहीत. आजचा साचा ठेवून १९०४ खेळलात तर चेस्ब्रोला सहाव्या डावात बाहेर बसवलं जाईल. हा अन्यायच म्हणायचा.

यामागचं गणित मी नातवाकडून वहीत उतरवून घेतलं. बिल जेम्स या माणसानं मांडलेली एक रीत आहे, बऱ्याच गेमच्या पोटात तसंच काहीतरी असतं. (हे जेम्स सुरुवातीला कॅन्सासमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचे रखवालदार होते. राखण करता करता आकडेमोड.) समजा, एक बॅटर शंभरात ३० वेळा हिट मारतो. समोरचा पिचर शंभरात २० च देतो. समोरासमोर आले तर किती? मी म्हटलं, पंचवीस. नातू म्हणाला, "नाही आजी, ते लीगवर अवलंबून आहे." लीगची सरासरी २५ असेल तर उत्तर २४ च्या जरासं वर. पण लीगचीच सरासरी ३० असेल तर उत्तर बरोबर २०. कारण तिथे तीस मारणारा बॅटर चारचौघांसारखाच ठरतो, मोठा असतो तो पिचर. तीच दोन माणसं. भोवतीचा काळ बदलला की त्यांची किंमत बदलली. मी कागदावर तीनदा करून पाहिलं. पटलं.

बेब रूथची फजिती यातूनच झाली. नातवानं १९०८ चा साचा तसाच पुढे चालवला आणि १९२० मध्ये रूथनं जेमतेम वीस-बावीस होमरन मारले. प्रत्यक्षात त्यानं त्या वर्षी ५४ मारले होते. त्याआधीच्या पिढीत फ्रँक बेकरला लोक 'होमरन बेकर' म्हणायचे आणि त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं १२ चं! नातवानं मग 'दरवर्षीचे खरे आकडे आपोआप लागू करा' असं बटण दाबलं आणि सगळं सुरळीत झालं. १९१९ मध्ये ३.८८ धावा, १९२० मध्ये ४.३६, १९२१ मध्ये ४.८५. इतिहासाबरहुकूम.

पण मी अडले ती इथे.

क्लीव्हलंडला लेक व्ह्यू नावाची जुनी दफनभूमी आहे. जावई एका रविवारी तिथे घेऊन गेले होते. तिथे रे चॅपमनची कबर आहे. लोक अजून त्यावर बेसबॉलचे चेंडू ठेवून जातात. चॅपमन क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप. १९१७ मध्ये त्यानं ६७ सॅक्रिफाइस मारले, म्हणजे स्वतः बाद होऊन दुसऱ्याला पुढे सरकवायचं. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेजचा चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. आवाज इतका मोठा आला की मेजला वाटलं बॅटला लागला. त्यानं चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. वय २९. बायको गरोदर होती.

तेव्हा एकच चेंडू सामनाभर वापरायचे. मातीनं, थुंकीनं, तंबाखूनं काळा झालेला, संध्याकाळच्या उजेडात न दिसणारा. चॅपमन गेल्यावर मळलेला चेंडू बदलायची शिस्त आली. पांढरा चेंडू दिसतो, दिसला की मारता येतो.

आता नातवाच्या लीगमध्ये 'खेळाडूंनी इतिहासाप्रमाणेच निवृत्त व्हावं' हा पर्याय बंद होता. त्यामुळे चॅपमन १९२१ मध्येही खेळत होता. मी विचारलं, "अरे, हा तर जिवंत आहे. मग चेंडू कुणी बदलले?"

नातू गप्प. मग म्हणाला, "आजी, ते सेटिंग आहे."

शाळेत मी 'जर असं झालं असतं तर' लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापत असे. पानिपतावर तर हमखास. आणि आता स्वतःच त्यात पडले. इथे परिणाम हजर होता, कारण गैरहजर. एकूण बेरीज बरोबर, पण ज्या माणसाच्या मरणातून ती बेरीज आली तो मजेत बंट मारतोय. तशी सावधगिरीही हवी. सगळं एका मृत्यूनं झालं असं म्हणणं म्हणजे नाटक. थुंकी लावलेल्या चेंडूवर बंदी १९२० च्या फेब्रुवारीतच आली होती (सतरा जुन्या पिचरांना पुढे सवलत दिली), आणि रूथनं १९१९ मध्येच २९ होमरन मारून रस्ता दाखवला होता. म्हणजे बंदी आणि रूथ ही दोन कारणं १९२० च्या आकड्यांत बहुतांशी आलेली आहेत. आमच्या दोघांच्या वाटाघाटीत असं ठरलं, की चॅपमन जिवंत असेपर्यंत लीग १९२० च्याच साच्यावर ठेवायची. आपोआपचं बटण बंद.

दुसरा वाद मोठा झाला. नातवानं जॉश गिब्सनला १९३० पासून मेजर लीगमध्ये घातला. गिब्सन कृष्णवर्णीय, त्या काळी त्याला तिथे प्रवेशच नव्हता. तो २० जानेवारी १९४७ ला वयाच्या ३५ व्या वर्षी वारला आणि जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला मैदानात उतरला. तीन महिन्यांचंही अंतर नाही. सॅचेल पेजला तर क्लीव्हलंडनं १९४८ मध्ये घेतलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. २०२४ च्या मे महिन्यात त्या वेगळ्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले आणि गिब्सनची सरासरी .३७२ म्हणून टाय कॉबच्या वर आली.

जावई म्हणाले, खरेपणा हवा तर दार बंदच ठेवायला हवं. नातू म्हणाला, मग मी खेळणार नाही. मी दोघांना एवढंच विचारलं, की १९३० ची ५.५५ ही सरासरी कुणाची? गिब्सनला ज्यांनी कधी चेंडू टाकला नाही आणि पेजचा चेंडू ज्यांना कधी खेळावा लागला नाही, त्यांची. ही दोघं आत आली की तो साचाही जुना राहत नाही. मग आकडा कुठला भरायचा? यावर जेवण थंड झालं आणि लेक आम्हा तिघांवर ओरडली.

शेवटी त्यानं दोन लीग केल्या. एक दार बंद असलेली, जशी होती तशी. ती तो खेळत नाही, नुसती ठेवली आहे. दुसरी उघडी. तिचे आकडे दर मोसमाला मी ठरवते, इकडून फोनवर. रात्री साडेनऊला मी वही घेऊन बसते, तिकडे दुपार असते. परवा १९२४ संपलं. रूथ ४१ होमरन. चॅपमनचे पाय आता मंद झालेत, त्याला बाकावर बसवावं असं नातवाचं म्हणणं आहे. मी म्हटलं, अजून एक वर्ष खेळू दे त्याला.