कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांचा निवारा

कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांचा निवारा : घरातल्याच माणसांकडून मारहाण, छळ, उपासमार किंवा धाकदपटशा सोसणाऱ्या स्त्रीला सुरक्षितपणे राहता यावे, यासाठीची कायदेशीर व संस्थात्मक व्यवस्था. तिची अंगे दोन : राहत्या घरातच राहण्याचा हक्क, आणि ते शक्य नसेल तेव्हा बाहेर मिळणारा आसरा. लोकव्यवहारात निवारा म्हटला की दुसरेच अंग डोळ्यांपुढे येते. कायद्याचा भर मात्र पहिल्यावर आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्राचा विचार केला आहे.

व्याप्ती : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) राज्यातील १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचे प्रमाण २९.३ टक्के आहे. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा झालेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कोणाकडे तरी मदत मागितली, तर ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाजवळ बोलूनही दाखवले नाही. मदत मागणाऱ्यांचा पहिला आधार बहुधा माहेर असतो. पोलीस, वकील व संस्था यांचा क्रम बराच खाली लागतो.

पूर्वपीठिका : जोतीराव फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३), पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (मुंबई, १८८९, पुढील वर्षी पुण्यास स्थलांतर) आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६, पुढे हिंगणे) ही महाराष्ट्रातील स्त्रियांच्या आसऱ्याची आरंभीची ठिकाणे. त्यांचा रोख प्रामुख्याने विधवांवर होता. नवरा हयात असलेल्या आणि त्याच्याकडे नांदायला नकार देणाऱ्या बाईसाठी त्या काळी आश्रम नव्हता, कायदा तर उलट बाजूचा होता. रखमाबाई खटल्यात (१८८४–८८) नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ साली दिला होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. प्रकरण अखेर पैशांच्या तडजोडीवर मिटले.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९६९ पासून अल्पमुदती निवासगृहांना साहाय्य सुरू केले. १९८० नंतर विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंविरुद्ध मुंबई-पुण्यात मोर्चे निघाले. याच काळात पुण्यात नारी समता मंच स्थापन झाला, आणि मुंबईत १९७५ पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेने सल्ला केंद्रे चालवली. ग्रामीण भागात हा प्रश्न ‘परित्यक्तां’चा, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा, प्रश्न म्हणून पुढे आला. संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्तांना संघटित केले. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने त्यांच्यासाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि जमीन मागितली. रेशनकार्डाची मागणी आज किरकोळ वाटेल. पण सासरच्या कार्डावर नाव अडकलेल्या आणि भावाच्या कार्डावर नाव न चढलेल्या बाईला धान्यही मिळत नसे आणि राहण्याचा पुरावाही. शहरी संघटनांच्या इतिहासलेखनात या लढ्यांना मिळालेली जागा अपुरी आहे.

कायदा : भारतीय दंडसंहितेत १९८३ साली कलम ४९८अ घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ यांनी घेतली. हे कलम छळ करणाऱ्याला शिक्षा देते. बाईने आज रात्री झोपायचे कुठे, याबाबत ते काही बोलत नाही. ती उणीव कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) या कायद्याने भरून काढली. हा मुळात दिवाणी स्वरूपाचा कायदा असून न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. बोलीत त्याला नुसते ‘डीव्ही’ म्हणतात. पत्नीबरोबरच आई, बहीण, विधवा भावजय आणि लग्नासारख्या संबंधात राहिलेली स्त्री यांनाही तो लागू आहे. प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असला पाहिजे ही अट सर्वोच्च न्यायालयाने हरसोरा प्रकरणात (२०१६) रद्द केली, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते.

अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल व्हावा, असे कलम १२ सांगते. न्यायालयांतील प्रत्यक्ष वेगाशी या मुदतीचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून अंतरिम व एकतर्फी आदेशाची तरतूद (कलम २३) व्यवहारात अधिक मोलाची ठरली आहे. स्त्री तात्पुरती जेथे राहत असेल तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो (कलम २७). माहेरी आलेल्या बाईला सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, हा या कायद्याचा मोठा दिलासा होय. हिंसेला मनाई करणाऱ्या संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

राहत्या घराचा हक्क : घर कोणाच्याही नावावर असो, कौटुंबिक नात्यातील स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि कायद्याची रीत सोडून तिला बाहेर काढता येत नाही (कलम १७). कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी पुढील स्वरूपाचे आदेश देऊ शकतो : तिला घराबाहेर काढू नये, प्रतिवादीनेच घर सोडावे (हा आदेश स्त्री प्रतिवादीविरुद्ध देता येत नाही), तिच्या वापरातील खोलीत त्याने पाऊल ठेवू नये, घर विकू वा गहाण टाकू नये, तिला त्याच दर्जाची दुसरी जागा पाहून द्यावी किंवा तिचे भाडे भरावे, तिचे स्त्रीधन परत करावे. आदेशाच्या अंमलबजावणीत मदत करण्यास जवळच्या पोलीस ठाण्याला सांगता येते.

सामाईक घर कोणते, यावर बराच काळ घोळ होता. बत्रा प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीच्या घरावर सुनेचा असा हक्क मानला नाही. पुढे चौदा वर्षे ‘घर आमच्या नावावर आहे, मुलाच्या नाही’ हे सासरच्यांचे ठरलेले उत्तर झाले. आहुजा प्रकरणात (१५ ऑक्टोबर २०२०) तीन न्यायाधीशांच्या पीठाने बत्रा निकाल चुकीचा ठरवला. सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याचा (२००७) आधार घेऊन सुनेला बाहेर काढू पाहतात, तेव्हा दोन्ही कायद्यांचा मेळ घालून निर्णय करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितले. न्यायालये हा मेळ कसा घालतात, हे प्रकरणागणिक बदलताना दिसते.

मालकीच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर (घराच्या नोंदीवर) पती-पत्नी दोघांचे नाव लावण्याची ‘घर दोघांचे’ ही मोहीम त्यांपैकी होय.

नियम व नमुने : अधिनियमाखालील २००६ च्या नियमांकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे, प्रत्यक्ष कामात मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही. नमुना एक म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल. तो या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत सेवादायी संस्था भरते. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक अशा रकान्यांत काय घडले त्यावर खुणा करायच्या असतात. मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे, औषधपाण्याला पैसे न देणे, भाड्याच्या घराचे भाडे थकवणे या गोष्टीही त्यात छापलेल्या आहेत. ‘मारलं तर नाही ना?’ असे विचारून परत पाठवल्या गेलेल्या बायकांना स्वतःची तक्रार तक्रारीच्या योग्यतेची आहे, हे अनेकदा या छापील यादीमुळे समजते. नमुना चारमध्ये तिच्या हक्कांची माहिती आहे. नमुना पाच हा सुरक्षा आराखडा असून त्यात झालेली हिंसा, तिचे परिणाम, पुढची भीती, त्यासाठी लागणारी उपाययोजना व न्यायालयाकडून हवा असलेला आदेश असे रकाने ओळीने येतात. फोनवरून वा ईमेलने खात्रीलायक खबर आली, तर संरक्षण अधिकाऱ्याने ताबडतोब पोलिसांची मदत घेऊन घटनास्थळी जायचे असते (नियम ९).

नियम १६ सर्वांत महत्त्वाचा. घटना अहवाल नोंदवलेला नाही या कारणाने निवारागृहाला स्त्रीला प्रवेश नाकारता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तेथे असल्याचे प्रतिवादीला कळू द्यायचे नाही. ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे सांगून रात्री दारातून परत पाठवणे या नियमाच्या विरुद्ध आहे.

निवारागृहे : सखी – वन स्टॉप सेंटर (निर्भया निधीतून, १ एप्रिल २०१५ पासून) येथे वैद्यकीय, पोलीस, कायदा व समुपदेशन या सेवांबरोबर पाच दिवसांपर्यंत राहता येते. त्यापुढील मुक्कामासाठी स्वाधार गृहे होती. त्यांत कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रीला एक वर्षापर्यंत राहता येई. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खाली ही गृहे आता ‘शक्ती सदन’ या नावाखाली आली आहेत. राज्याची शासकीय महिला राज्यगृहे महिला व बाल विकास आयुक्तालयाच्या अखत्यारीत चालतात. स्वयंसेवी संस्थांपैकी सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ साली वढू बुद्रुक (जि. पुणे) येथे सुरू केलेली ‘माहेर’ आणि मुंबईत वरळीचे ‘बापनू घर’ यांची नावे परिचित आहेत.

मुलांच्या वयाची अट ही निवारागृहांतील जुनी अडचण आहे. स्वाधार योजनेत आईसोबत मुलींना अठरा वर्षांपर्यंत राहता येई, मुलग्यांना मात्र आठच. त्याहून मोठ्या मुलाला बालगृहात धाडावे लागे. नंतरच्या योजनेत अट सैल झाली असली, तरी वाढत्या वयाचा मुलगा असलेली आई मुलापासून तुटण्यापेक्षा मार खाणे पत्करते, असा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. फाटक बंद असणे, भेटीगाठींवर बंधने, नोकरीसाठी बाहेर पडण्यास परवानगी लागणे या कारणांनीही अनेक जणी तेथे टिकत नाहीत. सुरक्षितता आणि कोंडवाडा यांतला फरक काही गृहांनी कधी केलाच नाही.

मदतीच्या वाटा : तातडीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, पोलिसांची महिला मदतवाहिनी १०९१, राष्ट्रीय महिला आयोग ७८२७१७०१७० (जुलै २०२१ पासून चोवीस तास). मोफत वकिलासाठी १५१००. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा मिळते. संरक्षण अधिकाऱ्याची नेमणूक कायद्याने आवश्यक आहे. पण अनेक राज्यांत हे काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जादा म्हणून राहिले. जिल्हा व तालुका पातळीवर ते नेमले नसतील तर सहा आठवड्यांत नेमावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला.

महाराष्ट्राचे वैशिष्ट्य म्हणजे पोलीस व रुग्णालय यांच्या आवारातच उभी राहिलेली मदत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला; तो पुढे राज्यभर पसरला. पोलीस ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन किंवा ‘घरातलं घरात मिटवा’ सांगून बोळवण होते. शेजारच्या टेबलावर समाजकार्यकर्ती बसलेली असली की तीच तक्रार निराळ्या रीतीने ऐकली जाते. नागपूर व पुणे येथील पोलिसांचे ‘भरोसा सेल’ हे पुढच्या काळातले असेच मदतकक्ष.

मुंबई महापालिका व ‘सेहत’ संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हा विभाग सुरू केला. केसपेपरवर ‘जिन्यावरून पडून’ अशी नोंद झालेल्या बाईशी नवऱ्याला बाहेर थांबवून एकटीशी बोलायचे, ही येथील परिचारिकांना दिलेली शिकवण. जखम कोणी व कशाने केली हे केसपेपरवर आले, की पुढे तोच कागद न्यायालयात उपयोगी पडतो.

निघताना : आधार व रेशनकार्ड, विवाह प्रमाणपत्र किंवा लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले व शाळेची कागदपत्रे, बँक पासबुक, केसपेपर, स्त्रीधनाची यादी व पावत्या यांचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे आधीच ठेवावेत. मोबाइलमधील लोकेशन शेअरिंग बंद करावे. निवाऱ्याचा पत्ता मुलांच्या फोनवरूनही फुटतो. कागद नाहीत म्हणून कोणताही हक्क बुडत नाही.

समुपदेशन : न्यायदंडाधिकारी समुपदेशनास पाठवू शकतो (कलम १४). ते समेटासाठी की सुरक्षिततेसाठी, याविषयी मतभेद आहेत.

पुरुष व तृतीयपंथी : अधिनियमात पुरुषाला दाद मागता येत नाही. तृतीयपंथीयांसाठी केंद्राची ‘गरिमा गृह’ योजना आहे.

गोवा : २००५ चा अधिनियम लागू आहे. पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते, त्यामुळे घरावरील दाव्याचा पाया तेथे निराळा आहे.

परदेश : न्यू जर्सीतील ‘मानवी’ (१९८५) ही अमेरिकेतील हिंसाचारग्रस्त दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची पहिली संस्था, मराठी स्त्रियाही तिची मदत घेऊ शकतात. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-फोर व्हिसावरील पत्नीला घर सोडताना देशात राहण्याच्या परवानगीचाही विचार करावा लागतो. परदेशस्थ नवऱ्याने टाकलेल्या भारतीय स्त्रियांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची कायदेशीर व आर्थिक साहाय्याची योजना भारतीय दूतावासांमार्फत चालते.